हलक्या ट्रेकिंग बुटांची पारख : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

८ जून २०२४, पुणे

आजच्या बैठकीत ठरलं. पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेकिंगच्या गटात नव्याने आलेली मुलं विचारतात, "दादा, बूट कोणते घेऊ?" आणि जो तो आपल्या पायातल्या कंपनीचं नाव सांगून मोकळा होतो. एकाला मानवलेला बूट दुसऱ्याला फोड आणतो, कारण पाय वेगळा. म्हणून या हंगामात नाव सांगायचं नाही. बूट पारखायचा कसा, ते वापरून आणि मोजून लिहून काढायचं.

आवाका मुद्दाम लहान ठेवलाय. पुरुषांचे, घोट्यापर्यंत येणारे, जोड एक किलोच्या आत भरेल असे बूट. किंमत तीन ते सहा हजार, म्हणजे कॉलेजातल्या मुलाला पैसे साठवून घेता येतील एवढी. हलकेच का, तर पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा साधारण पाचपट दमवतं असा गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे; ते वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठीसुद्धा ब्रिटनच्या साट्रा या पादत्राण संशोधन संस्थेने मुद्दाम हलके बूट तयार केले होते.

जोड असे. 'अ' हा जाळीच्या कापडाचा, आत पाणी अडवणारा पडदा नसलेला. तो दोन मापांत घेतलाय: ८ नंबर माझ्या धाकट्या भावासाठी, ९ नंबर सरांसाठी. (सर शाळेत शिकवतात, गटात सगळेच त्यांना सर म्हणतात.) 'ब' हा वॉटरप्रूफ पडद्याचा, ८ नंबर, तो मी घालणार. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं: अ-८ जोड ८४० ग्रॅम, अ-९ जोड ८९५, ब जोड ९८०.

९ जून, संध्याकाळ

पायांची मापं घेतली. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा आणि दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून कडा काढायची. खुर्चीत बसून घेतलेलं माप उपयोगाचं नाही. भार पडला की कमान खाली बसते, पाय लांबतो आणि पसरतो.

भाऊ: लांबी २६५ मिमी, चवड्याशी रुंदी ९७. सर: डावा पाय २६५, उजवा २६२, रुंदी १०६. लांबी तीच, रुंदीत जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक. सर गेली कित्येक वर्षं ९ नंबरच घेतात, "नाहीतर करंगळी दाबते" म्हणून. लांबीने ते ८ नंबरचे आहेत. हा फरक पुढे कुठे कुठे नडतो ते बघायचंय.

१६ जून

बाजारात चक्कर. प्रत्येक दुकानात पाय रुंद म्हटलं की एकच उत्तर मिळतं: "एक नंबर मोठा घ्या." आपल्याकडे ब्रिटिश नंबर चालतात. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जवळपास साडेआठ मिलिमीटर. नंबर वाढला की लांबी एवढी वाढते, तळव्याची रुंदी मात्र साधारण २ मिमीच. सरांना हवी आहे रुंदी, आणि पैसे जातात लांबीला.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून 'भा' ही भारतीय मापपद्धती सुचवली गेली. ती दुकानात येईपर्यंत आपल्याला आपला मार्ग काढायला हवा.

सगळ्यांत खात्रीची परीक्षा फुकटची आहे. बुटातला इनसोल, म्हणजे तळाची सुटी गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर मोज्यासकट उभे राहा. टाच मागच्या कडेला बरोबर बसवली की पुढे अंगठ्यापाशी १० ते १२ मिमी जागा उरली पाहिजे आणि चवडा दोन्ही बाजूंनी इनसोलच्या आत राहिला पाहिजे. सरांचा चवडा अ-८ च्या इनसोलवरून दोन्हीकडे ओघळला. अ-९ वर बाजूने जेमतेम बसला, पण पुढे जवळजवळ दोन सेंटिमीटर मोकळे.

चवडा कुठे वाकतो हेही बघायचं. १९२० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी पाय मोजायचं धातूचं उपकरण बनवलं. त्यात नुसती लांबी-रुंदी नव्हे, तर टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजतात. बूट ठरावीक रेषेवर वाकायला बनवलेला असतो. तुमचा सांधा त्या रेषेवर आला पाहिजे. सरांच्या पायात अ-९ ची वाकरेषा सांध्याच्या पुढे जाते, बोटांच्या मुळांवर. बूट हातात धरून वाकवला आणि घडी कुठे पडते तिथे खडूने खूण केली, म्हणून हे दिसलं.

७ जुलै, लोहगड

भाजे गावातून वर. दिवसभर पाऊस. पायऱ्यांवर शेवाळ, पाणी पायऱ्यांवरूनच खाली येत होतं.

ब चा वॉटरप्रूफपणा पहिल्या ओढ्यापर्यंत टिकला. पाणी वरून, कॉलरमधून आत गेलं आणि आतच राहिलं. पावलागणिक पचपच. अ मध्ये पाणी लगेच आलं, पण चालताना चवड्याच्या दाबाने जाळीतून बाहेरही पडत राहिलं.

पकडीबद्दल. ओल्या उघड्या कातळावर दोन्ही बूट धरतात. शेवाळ असेल तर कुठलंच रबर धरत नाही. तिथे पाय कुठे ठेवायचा हेच कौशल्य. रबराच्या दातेरी सोलचा जन्मच एका दुर्घटनेतून झाला. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गेले, त्यांचे मित्र विताले ब्रामानी यांनी १९३७ मध्ये खोल दात्यांचा रबरी सोल आणला. तोच व्हायब्रम. पण खोल दाते चिखल आणि बर्फाच्या कामाचे. आपल्या बेसॉल्टवर दात्यांपेक्षा रबराचा मऊपणा जास्त लागतो. नख दाबून किंचित रुतलं पाहिजे. ॲक्शनचे साधे ट्रेकिंग बूट सह्याद्रीत इतकी वर्षं लोकांच्या पायात आहेत ते याच पकडीमुळे.

१० जुलै

बादलीची चाचणी. अ-८ आणि ब चा एकेक बूट दहा मिनिटं पाण्यात बुडवला, उलटा करून निथळला, तोलला, मग खोलीत पंख्याखाली ठेवला.

अ: कोरडा ४२०, निथळून ५६०, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ४३०.
ब: कोरडा ४९०, निथळून ७१०, दुसऱ्या दिवशी ६०५, तिसऱ्या दिवशी ५३०.

म्हणजे शनिवारी भिजलेला ब रविवारी सकाळी दोन्ही पायांत मिळून पाव किलो पाणी घेऊन निघतो. दोन दिवसांच्या पावसाळी ट्रेकला हा बूट नकोच. पडद्याचं तत्त्व खरं आहे, १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणलेल्या टेफ्लॉनचा तो पदर शोधला आणि थंड, कोरड्या हवेत त्याला तोड नाही. पण घामाची वाफ बाहेर जायला आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी लागते. जुलैत घाटमाथ्यावर बाहेरची हवाच पाण्याने भरलेली. वाफ जाणार कुठे? हिमालयात जाणाऱ्याने पडदा घ्यावा, लोहगडाला जाणाऱ्याने ते पैसे चांगल्या मोज्यांवर खर्च करावेत. मोजे लोकरीचे किंवा नायलॉनमिश्रित. सुती मोजा ओला झाला की सुरकुतीच्या जागी फोड ठरलेला.

२१ जुलै, सिंहगड

आतकरवाडीतून. सरांच्या दोन्ही टाचांना मागे फोड. बूट नवा म्हणून नव्हे. अ-९ मध्ये चढताना त्यांची टाच प्रत्येक पावलाला उचलली जाते. लेस आवळली तर वर पायाच्या पाठीवर वळ उठतो, तरी टाच हलतेच. बूट घालून मागे उभं राहून बघितलं, मोजा आणि अस्तर यांच्यात करंगळी सहज जाते.

भावाला त्याच मॉडेलमध्ये काहीही नाही.

१८ ऑगस्ट, हरिश्चंद्रगड

पाचनईच्या वाटेने. ठाण्याचा मित्र आमच्या चाचणीत नव्हता, पण आज त्याचाच बूट सगळ्यांत जास्त शिकवून गेला.

त्याचा जोड चामड्याचा, चांगल्या कंपनीचा, महागडा. काही वर्षांपूर्वी घेतला, एक-दोनदा वापरला, मग खोक्यात घालून माळ्यावर. वरून नव्यासारखा, शिलाई शाबूत, सोलचे दाते पूर्ण. कड्याखालच्या ओल्या वाटेवर उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला, शंभर पावलांत सबंध सुटून हातात आला. दहा मिनिटांत डावाही. मधल्या थराला बोट लावलं तर रव्याच्या बिघडलेल्या लाडवासारखा भुगा. गोंद सुटलेला नव्हताच. सोलच्या पाठीवर त्या भुग्याचा थर घट्ट चिकटलेला होता. म्हणजे मिडसोलच मेला होता.

सुतळीने सोल बांधून त्याला गडावरच्या मंदिरापर्यंत नेलं, उतरताना गावातल्या एकाने प्लॅस्टिकचे बूट दिले. त्यात तो व्यवस्थित उतरला.

२४ ऑगस्ट

त्या भुग्यामागचं कारण सगळ्यांना नीट समजावं म्हणून इथे लिहितो. जड आणि मध्यम बुटांचा मिडसोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो. हे द्रव्य दाब छान झेलतं, पण हवेतल्या दमटपणाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट वापरात नसला तरी हे चालूच राहतं. उलट बंद खोक्यात, दमट आणि उबदार जागी जास्त. ठाणे, मुंबई, कोकण म्हणजे यासाठी सगळ्यांत वाईट हवा. पाच ते दहा वर्षांत असा मिडसोल कधीही जाऊ शकतो आणि वरून काही दिसत नाही.

आपल्या अ आणि ब मध्ये ईव्हीए फोम आहे. तो असा भुगा होत नाही, पण दबून चपटा होतो आणि परत फुलत नाही. एक अचानक मरतो, दुसरा हळूहळू. माळ्यावरचा जुना जोड काढणाऱ्याने ट्रेकच्या आधी मिडसोलच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाबावं. तुकडा पडला किंवा चीर गेली तर तो बूट गडावर न्यायचा नाही, कितीही महाग असो.

२१ सप्टेंबर

अ-८ चा सोल पुढे टोकाशी दोन मिमी उघडला. हलके बूट सगळे चिकटवलेले असतात, शिवलेले नव्हे, त्यामुळे कधीतरी हे होणारच. स्टेशनजवळच्या गटई स्टॉलवर काकांकडे नेला.

काकांनी आधी बूट वाकवून फट पूर्ण उघडली, आतली माती दाढीच्या जुन्या ब्रशने काढली, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडल्या. सोल्यूशन लावून लगेच दाबलं नाही. दोन्हीकडे पातळ थर लावला आणि दहा मिनिटं उघडा ठेवला. बोट चिकटेल पण सोल्यूशन बोटाला येणार नाही, इतकं वाळल्यावर हातोडीने ठोकून बसवलं. मग शिलाई. नायलॉनचा दोरा मेणावरून ओढला, आरी सोलच्या उभ्या कडेतून तिरकी आत घातली आणि अप्परच्या, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाच्या, टणक पट्टीतून बाहेर काढली. जाळीत एकही टाका नाही. मी विचारलं, खालून का नाही मारत? म्हणाले, "खालचा दोरा दगडावर चार दिवसांत घासतो. कडेचा दोरा खाचेत बसतो, त्याला दगड लागत नाही." प्रत्येक टाक्यासाठी आधी चाकूच्या टोकाने खाच पाडत होते. दोन्ही बूट पूर्ण फेरीची शिलाई, दीडशे रुपये.

ब सुद्धा दाखवला. काकांनी आत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "हा शिवला तर याचं वॉटरप्रूफ गेलं." बरोबर आहे, आरीचं प्रत्येक भोक पडद्यातून जाणार. पडद्याच्या बुटाला फक्त चिकटवणं शक्य, आणि चिकटवलेलं पुन्हा सुटतं. टिकाऊपणा मोजताना ही बाब किमतीइतकीच महत्त्वाची धरतो.

काकांचा सल्ला: नवा बूट पावसाळ्याआधीच शिवून घ्यावा, फट पडायची वाट बघू नये. आणि ओला बूट चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नये, उष्णतेने सोल्यूशन ढिलं पडतं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत.

१९-२० ऑक्टोबर, कात्रज ते सिंहगड

रात्रीचा ट्रेक. कोजागरी नुकतीच झालेली, नऊनंतर चांगला चंद्र. या वाटेवर टेकडीमागून टेकडी, आणि प्रत्येक उतार सुट्या मुरुमाचा. नखांची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

सरांच्या बुटात पुढे दोन सेंटिमीटर जागा असूनही त्यांचा डावा अंगठा काळा पडला. नवख्यांना हे पटत नाही. टाच धरलेली नसली की उतारावर सगळा पाय पुढे घसरतो आणि जोराने आदळतो. जागा जितकी जास्त, तितकी घसरायला धाव जास्त. अंगठा वाचवते ती टाच आणि पायाच्या पाठीवरची लेस.

मधल्या थांब्यावर त्यांच्या लेस बदलल्या: चवड्यावर सैल, पायाची पाठ जिथे वळते तिथे दोनदा पीळ देऊन गाठ, आणि शेवटच्या दोन भोकांत फास करून त्यातून लेस ओवली, म्हणजे टाच मागे ओढली जाते. उरलेली वाट बरी गेली. पण हा उपचार आहे, माप नव्हे.

२४ नोव्हेंबर, कळसूबाई

बारीतून. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च टोक. शिड्यांवर एक गोष्ट नीट दिसली. ब च्या सोलला टाचेआधी स्पष्ट कड आहे, ती लोखंडी पायरीवर अडकते आणि पाय निश्चिंत राहतो. अ चा सोल टाचेपासून पुढे सपाट उतरत गेलेला. चढताना फरक नाही, उतरताना पायरी कमानीखाली टोचते.

१५ डिसेंबर, राजगड ते तोरणा

गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड, पद्मावती माचीवर मुक्काम, आज संजीवनी माचीवरून उतरून बुधला माचीकडे. वाळलेलं गवत आणि त्याखाली घसारा, पाय ठेवला की सगळंच सरकतं.

अ-९ फाटला. डाव्या बुटाची बाहेरची बाजू, जिथे जाळी आणि रबरी पट्टी जुळते, तिथे बोटभर चीर. अ-८ ची तीच जागा निरखून पाहिली: घडीची खूण आहे, धागे शाबूत. दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, वाटाही त्याच. सरांचं वजन भावापेक्षा थोडं जास्त आहे, ते धरायला हवं. पण चीर बुटाच्या ठरलेल्या वाकरेषेवर नाही. ती तिच्या मागे आहे, जिथे सरांचा सांधा बूट वाकवतो. जूनमधली खडूची खूण आठवून त्या जागी बोट ठेवलं. सांधा आणि चीर एका रेषेत. बूट जिथे वाकायला बनवला नव्हता तिथे तो रोज वाकवला गेला, वर रुंद चवडा आतून बाहेर ढकलत होता. आतमध्ये टाचेचं अस्तरही झिजून प्लॅस्टिक उघडं पडलंय, टाच हलल्यामुळे.

फोड, काळं नख, फाटलेलं अस्तर, ही चीर: सगळ्यांचं मूळ जूनमधल्या त्या एका नंबरात आहे. मला या प्रकल्पातून नवीन मुलांना हेच कळकळीने सांगायचंय. रुंदीसाठी लांबी घेऊ नका. दुकान बदला, मॉडेल बदला, नंबर नको.

दुसरं, तळव्याबद्दल. अ पिळला तर फडक्यासारखा वळतो, आत कडक पट्टी नाही. दुपारनंतर भावाचे तळवे टोकदार दगडांनी हुळहुळे झाले. ब मध्ये अर्ध्या लांबीची नायलॉनची पट्टी आहे, मला काही जाणवलं नाही. हलका बूट घेताना तो टोकाला वाकावा, मधोमध वाकू नये, आणि पिळताना हाताला विरोध व्हावा. घोट्यापर्यंतच्या मऊ कॉलरवर मात्र पाय मुरगळण्याच्या बाबतीत भिस्त ठेवू नका. तिने खडे आत येत नाहीत आणि घोटा खरचटत नाही, तेवढाच तिचा उपयोग.

१२ जानेवारी २०२५

व्हर्नियरने झीज मोजली. नव्यात दात्यांची खोली दोन्हींत ४ मिमी. आता टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर अ-८: १.९, अ-९: १.७, ब: २.८. अ चं रबर मऊ, म्हणून पकड चांगली आणि झीज लवकर. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, ओल्या कातळावर उभं राहायची ती किंमत आहे. डांबरी रस्त्यावर आणि कॉलेजात हे बूट घालू नयेत एवढंच. झीज तिथे सगळ्यांत जास्त होते.

मिडसोल: तिन्ही जोडांत टाचेच्या बाहेरच्या बाजूला आडव्या सुरकुत्या. टेबलावर ठेवून मागून पाहिलं तर अ-९ किंचित बाहेर कललाय.

२ फेब्रुवारी २०२५

सरांसाठी तिसऱ्या कंपनीचा जोड मिळाला. ८ नंबर, पुढून रुंद साच्याचा, जाळीचा, पडदा नाही, मध्ये अर्धी पट्टी, ८८० ग्रॅम. इनसोलवर चवडा पूर्ण आत, अंगठ्यापुढे ११ मिमी. दुकानातल्या उतरत्या फळीवर उभं राहून टाचेवर जोर दिला, अंगठा लागला नाही. घरी न नेता तसेच काकांच्या स्टॉलवर गेलो आणि शिलाई मारून घेतली. आज सिंहगड, जुन्याच मोज्यांत: फोड नाही, टाच हलली नाही.

अ-९ ची चीर काकांनी आतून रेक्झिनचा तुकडा लावून शिवली. तो जोड आता सरांच्या मेव्हण्याकडे जाईल, त्याची लांबी २७३ आणि पाय अरुंद; इनसोलवर उभं करून बघितलंय, बरोबर बसतो. टाचेला नवं अस्तर लावून मगच द्यायचा.

मेमध्ये, पहिल्या पावसाआधी, नवीन मुलांना मैदानावर बोलवायचं. कागद, पेन्सिल, मोजपट्टी आणि काटा गटाकडून. प्रत्येकाने आपले जुने बूट आणि ट्रेकचे मोजे घेऊन यावं. आधी पाय मोजायचे, मग इनसोल काढून उभं करायचं, मग मिडसोलला नख. सरांचे दोन्ही जोड तिथे ठेवतो, अ-९ ची शिवलेली चीर वरच्या बाजूला दिसेल असे.